वाचकांचे प्रश्न : एडवर्ड वेस्टनची ढबू मिरची, उघडा बल्ब आणि एफ/६४

गेल्या अंकात अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन (१८८६–१९५८) याच्या आयुष्यावरचा लेख छापला होता. शिकागोजवळच्या हायलंड पार्कमधला जन्म, १९०२ साली वडिलांनी दिलेला कोडॅक बुल्स-आय कॅमेरा, कॅलिफोर्नियातला पोर्ट्रेट स्टुडिओ, मेक्सिकोतली वर्षं आणि शेवटी कार्मेलच्या किनाऱ्यावरचे खडक, असा त्याचा आवाका होता. त्यावर कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत कौतुकापेक्षा ‘हे त्यानं केलं कसं?’ हीच विचारणा जास्त आहे, आणि आम्हांला त्याचाच आनंद वाटतो. निवडक प्रश्न घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी कलामहाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. वेस्टनच्या ‘पेपर नंबर ३०’ या फोटोत एक ढबू मिरची आहे, बाकी काहीच नाही. तो इतका मोठा का मानतात? आणि घरी तसा फोटो काढायचा असेल तर काय करावं? माझ्याकडे साधा डीएसएलआर आहे, मैत्रिणीकडे फक्त मोबाइल.
— विद्यार्थिनी, शाहूपुरी

उत्तर : आधी हे लक्षात घ्या, की ती एका झटक्यात सुचलेली गोष्ट नव्हती. १९२७ मध्ये चित्रकार हेन्रिएटा शोअर हिच्याकडचे शंख पाहून वेस्टन अशा जवळच्या, एकट्या वस्तूंकडे वळला. मिरच्यांचे फोटो तो १९२९ पासून काढत होता. कापड, पुठ्ठा अशा पार्श्वभूमी वापरून झाल्या, पण मिरची कशावर तरी ठेवलेली दिसायची आणि मागचा भाग सपाट यायचा. ऑगस्ट १९३० मध्ये त्यानं पत्र्याचं मोठं नरसाळं आडवं केलं आणि मिरची त्याच्या तोंडाशी ठेवली. सगळा फरक तिथं पडला.

नरसाळ्यानं काय केलं? वरून येणारा उजेड मिरचीच्या माथ्यावर आणि खांद्यांवर पडतो. पत्र्याच्या आतल्या गोलाईवरून तोच उजेड परतून मिरचीच्या कडांना खालून, बाजूंनी हलकेच लागतो. त्यामुळे सावलीतल्या बाजूही मेल्यासारख्या काळ्या पडत नाहीत. नरसाळं मागं निमुळतं होत जातं, तिथं उजेड पोचत नाही, म्हणून पार्श्वभूमी आपोआप गडद होत जाते. एका वस्तूनं दिवा, रिफ्लेक्टर आणि पडदा अशी तीन कामं केली. फोटोत मिरचीची घडी पाठीच्या कण्यासारखी, आवळलेल्या दंडासारखी भासते ती या कडेच्या उजेडामुळे. वरून कसलीही जादू केलेली नाही.

आता तुमची तयारी. मिरची निवडायलाच जास्त वेळ द्या. कपिलतीर्थ मंडईत भाजीवाल्या मावशी ज्या वाकड्यातिकड्या, पिळलेल्या ढबू मिरच्या बाजूला काढून ठेवतात, त्याच मागा. गुळगुळीत, चौकोनी मिरची भाजीला चांगली, फोटोला नीरस. उन्हाळ्यात कापून ठेवली नाही तरी अर्ध्या दिवसात साल सुरकुततं, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून आणा. चमक यावी म्हणून तेल लावू नका. तेलानं ठिपक्यांसारखे चकाकते डाग येतात आणि सालीचा पोत जातो.

नरसाळ्याचं तोंड १० ते १२ इंचांचं हवं. तेवढं मोठं मिळालं नाही, तर १५ किलो तेलाचा रिकामा डबा पत्रेवाल्याकडून एका बाजूनं कापून घ्या आणि कडा दुमडून घ्या, नाहीतर हात कापेल. आतून पत्रा मळकट, मंद चमकेचा असला तर उत्तम. स्टीलचं चकचकीत भांडं मात्र चालत नाही, त्यात खिडकीचं सरळ प्रतिबिंब उमटतं. दुसरं काहीच नसेल तर खडूची पूड पाण्यात कालवून भांड्याला आतून पातळ हात फिरवा आणि वाळू द्या.

जागा उत्तरेच्या खिडकीशी किंवा व्हरांड्याच्या सावलीत. थेट ऊन नको. नरसाळ्याचं तोंड कॅमेऱ्याकडे थोडं आणि वर थोडं, म्हणजे उजेड वरून आत उतरेल. ट्यूबलाइट बंद करा, दोन रंगांचे उजेड मिसळले की कृष्णधवल करताना सालीवर चट्टे दिसतात. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८ किंवा एफ/११, दोन सेकंदांचा टायमर. शटर अर्ध्या सेकंदापासून काही सेकंदांपर्यंत जाईल, घाबरू नका, पण फरशीवरून कुणी चालणार नाही असं पाहा. एक्स्पोजर मिरचीवरच्या सगळ्यात उजळ जागेवरून ठरवा. ती जागा पांढरीफटक जळाली की परत मिळत नाही. सावल्या थोड्या उचलता येतात.

मोबाइल असेल तर दोन-तीन फूट मागं उभं राहून २एक्स लेन्स वापरा. अगदी जवळ गेलात तर मिरचीचं नाक फुगल्यासारखं दिसतं. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो कडा खोट्या पुसट करतो. पडद्यावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा. कृष्णधवल नंतर करा. तेव्हा हिरव्या रंगाची पट्टी वरखाली करून मिरची किती उजळ ठेवायची ते ठरवता येतं. फार ओढली तर गुळगुळीत भागात पायऱ्या पडलेल्या दिसतात.

मग मिरची दहा अंशांनी फिरवा आणि पुन्हा पाहा. वेस्टनची खरी मेहनत इथं आहे. तो आठ बाय दहा इंचांच्या घाशीव काचेवर उलटं दिसणारं चित्र पाहून, शेवटचा प्रिंट कसा असेल ते शटर उघडण्याआधीच ठरवून मोकळा व्हायचा. नंतर कापाकापी करू, उजेड वाढवू, असं त्याच्या कामात जवळपास नसायचंच. तुम्हीही एक दिवस ठरवा, की कॅमेऱ्यात जी चौकट आली तीच अंतिम. आणि हो, फोटो झाल्यावर मिरची भाजीत घाला. वेस्टनच्या मिरच्याही सॅलडमध्येच जायच्या.

प्रश्न : राजारामपुरीत आमचा स्टुडिओ आहे. पासपोर्ट, लग्नं, बारसं हेच काम. वेस्टनचं पोट त्या शंख-मिरच्यांवर भरत होतं का? खरं सांगा.
— एक स्टुडिओचालक

उत्तर : नव्हतं. आयुष्याचा मोठा भाग त्यानं तुमच्यासारखाच स्टुडिओ चालवून काढला.

१९०६ मध्ये तो कॅलिफोर्नियात आला, नंतर इलिनॉय कॉलेज ऑफ फोटोग्राफीत शिकला, दुसऱ्यांच्या स्टुडिओत नोकरी केली आणि १९११ साली ट्रॉपिको या गावात स्वतःचा छोटा स्टुडिओ टाकला. हे गाव आता ग्लेनडेलमध्ये मिसळलं आहे. बायको फ्लोरा शिक्षिका होती, चार मुलगे होते. त्या काळात तो मऊ, धूसर, चित्रासारखे दिसणारे फोटो काढायचा आणि त्यांना बक्षिसंही मिळायची. म्हणजे चाललेला धंदा होता. १९२२ मध्ये ओहायोतल्या मिडलटाउनला बहिणीकडे गेला असताना त्यानं आर्मको पोलाद कारखान्याच्या चिमण्यांचे फोटो काढले, पुढे न्यूयॉर्कला नामवंत छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलित्झला भेटला, आणि धूसरपणा सोडून दिला. १९२३ मध्ये छायाचित्रकार टीना मोडोटीबरोबर मेक्सिकोला गेला. तिथंही पोर्ट्रेटवरच गुजराण. १९२६ अखेर परतला, १९२९ मध्ये कार्मेलला स्टुडिओ थाटला.

गिऱ्हाइकांना काय हवं असायचं, ते तुम्हांला सांगायला नको. गालावरची सुरकुती घालवा, हनुवटी बारीक करा. तेव्हा हे काम निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलनं आणि खरवडायच्या पात्यानं व्हायचं. कोल्हापुरातल्या जुन्या स्टुडिओंतही रिटचिंगचं टेबल असायचंच, तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते पाहिलं असेल. वेस्टनला या कामाचा मनापासून तिटकारा होता, तरी वर्षानुवर्षं केलं. तिशीच्या दशकात मात्र त्यानं ‘रिटचिंग न केलेली पोर्ट्रेट’ अशीच पाटी लावली. गिऱ्हाईक कमी झालं तरी चालेल, हा निर्णय त्यानं पन्नाशीच्या उंबरठ्यावर घेतला, पंचविशीत नव्हे. ज्यांना उद्याच धंदा सोडून कलेमागं लागायचं आहे, त्यांनी हा तपशील दोनदा वाचावा.

१९३७ मध्ये त्याला गुगेनहाइम फेलोशिप मिळाली. छायाचित्रकाराला मिळालेली ती पहिलीच. रक्कम २,००० डॉलर, पुढच्या वर्षी मुदत वाढली. त्याच वेळी तिथल्या मोटारमालकांच्या संघटनेच्या ‘वेस्टवेज’ या मासिकानं दर महिन्याला काही फोटो घेऊन ५० डॉलर द्यायचं ठरवलं. त्या पैशांवर तो आणि त्याची जोडीदार चॅरिस विल्सन गाडी घेऊन पश्चिम अमेरिका फिरले, तंबूत राहिले. १९३८ मध्ये मुलगा नील यानं वाइल्डकॅट हिल इथं बांधून दिलेलं घर म्हणजे एक मोठी खोली आणि डार्करूम. खर्चच कमी ठेवला म्हणून काम झालं. त्याचं १९२५ मधलं एक प्रिंट २००८ साली लिलावात १६ लाख डॉलरच्या वर गेलं, पण त्यातला पैसा त्याला दिसला नाही.

तुमच्या स्टुडिओसाठी यातून घेण्याजोगं एकच काम सुचवतो. पासपोर्टसाठी आलेल्या माणसाचं नेहमीचं काम झालं, की त्याची परवानगी घेऊन खिडकीच्या उजेडात एक फोटो स्वतःसाठी काढा, कुठलीही सुधारणा न करता. दिवसाला एक. पडदा तोच, अंतर तेच, उजेड तोच. सहा महिन्यांनी ते फोटो टेबलावर मांडले की तुमची नजर कुठं कच्ची आहे ते दिसेल.

प्रश्न : लेखात ‘ग्रुप एफ/६४’ चा उल्लेख होता. बारीक अ‍ॅपर्चरनं सगळं स्वच्छ येतं असं वाचून मी माझ्या कॅमेऱ्यावर एफ/२२ लावलं, तर फोटो उलट मऊ आले. लेन्स खराब आहे का?
— एक वाचक, कागल

उत्तर : लेन्स ठीक आहे. अडचण तुमच्या सेन्सरच्या आकारात आहे.

१९३२ मध्ये वेस्टन, अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, इमोजेन कनिंगहॅम, विलार्ड व्हॅन डाइक आदींनी हा गट काढला आणि नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात प्रदर्शन भरवलं. एफ/६४ म्हणजे मोठ्या कॅमेऱ्यावरचं अगदी बारीक छिद्र, ज्यानं जवळचा दगड आणि लांबचा डोंगर दोन्ही रेखीव येतात.

पण बारीक छिद्रातून जाताना उजेड थोडा फाकतो. त्यामुळे प्रत्येक बिंदूची छोटी चकती होते. तिचा व्यास मायक्रॉनमध्ये साधारण एफ-आकड्याच्या १.३५ पट धरा. एफ/६४ ला ती सुमारे ८६ मायक्रॉन, म्हणजे ०.०९ मिलिमीटर. वेस्टनची निगेटिव्ह ८ बाय १० इंचांची आणि प्रिंटही तेवढाच, वाढवायचा प्रश्नच नाही. हातात धरून पाहताना डोळ्याला ०.१ मिलिमीटरच्या खालचं सहसा कळत नाही. म्हणून त्याचा प्रिंट काटेकोर दिसतो.

तुमच्या कॅमेऱ्यात (एपीएस-सी सेन्सर, रुंदी सुमारे २३.५ मिलिमीटर) एफ/२२ ला चकती ३० मायक्रॉनची. तोच फोटो १० इंच रुंद केला की ११ पट वाढ. चकती झाली ०.३ मिलिमीटरच्या पुढं, आणि ती डोळ्याला सरळ दिसते. एफ/८ ला हाच हिशेब ०.१२ च्या आसपास येतो. म्हणून एपीएस-सीवर एफ/८, फुल-फ्रेमवर (३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर) एफ/११ च्या पलीकडे शक्यतो जाऊ नका. खोली कमी पडली तर ट्रायपॉडवरून फोकस थोडा थोडा सरकवत पाच-सात फोटो काढा आणि संगणकावर जोडा. वाऱ्यानं पान हलत असेल तर हा उपाय फसतो. तेव्हा थोडं मागं जा आणि चौकट कापा, किंवा वारा पडायची वाट पाहा.

प्रश्न : वेस्टन एन्लार्जरशिवाय (निगेटिव्ह मोठी करून छापायचं यंत्र), नुसत्या बल्बखाली प्रिंट करायचा हे खरं का? माझ्याकडे काकांच्या १२० फिल्मच्या निगेटिव्ह आहेत. घरच्या बाथरूममध्ये तसं करता येईल का? कृपया सामान आणि मापं सविस्तर द्यावीत.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : खरं आहे. कागदावर निगेटिव्ह, वर काच, आणि छताला टांगलेला उघडा बल्ब. याला कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणतात. निगेटिव्ह जेवढी, प्रिंट तेवढा. तुमचे प्रिंट ६ बाय ६ किंवा ६ बाय ९ सेंटिमीटरचे होतील. लहान, पण फार देखणे. मोठा प्रिंट हवा असेल तर निगेटिव्ह स्कॅन करून पारदर्शक इंकजेट फिल्मवर ८ बाय १० ची मोठी निगेटिव्ह छापून घेता येते, पुढची कृती तीच.

सामान : ५ ते ६ मिलिमीटर जाडीची काच, १० बाय १२ इंच, कडा घासून घेतलेली. पातळ काच वजनानं दाबत नाही आणि प्रिंट ठिकठिकाणी पुसट येतो. खाली काळा फोम. चार ट्रे. सेफलाइटसाठी लाल दिवा. ७ ते १५ वॉटचा बल्ब कागदापासून ४ फूट उंच. एन्लार्जिंगचा कागद फार संवेदनशील असतो, एवढाही बल्ब जास्त वाटला तर त्याला ट्रेसिंग पेपरचा पडदा लावा. वेस्टनला मिळणारे खास कॉन्टॅक्टचे कागद मंद होते आणि त्यांना बराच उजेड लागे. कोडॅकनं आपला अ‍ॅझो कागद २००५ मध्ये कृष्णधवल कागदांबरोबर बंद केला.

लाल एलईडी दिव्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आधी कागदाला बल्बचा इतका क्षणभर उजेड द्या, की डेव्हलप केल्यावर तो फिका करडा येईल. मग डेव्हलप न करता त्यावर नाणं ठेवून पाच मिनिटं लाल दिव्याखाली ठेवा, आणि आता डेव्हलप करा. नाण्याचा गोल फिका दिसला तर दिवा कागद खराब करतोय. नुसत्या कोऱ्या कागदावर ही चाचणी फसते, कारण थोडा उजेड कोरा कागद पचवून टाकतो.

डेव्हलपर डी-७२. ५० अंश सेल्सिअसचं ७५० मिलिलिटर पाणी घ्या. त्यात याच क्रमानं विरघळवा : मेटॉल ३ ग्रॅम, सोडियम सल्फाइट (निर्जल) ४५ ग्रॅम, हायड्रोक्विनोन १२ ग्रॅम, सोडियम कार्बोनेट (मोनोहायड्रेट) ८० ग्रॅम, पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम. पाणी घालून १ लिटर करा. मेटॉलच्या आधी चिमूटभर सल्फाइट टाकलं तर द्रावण तपकिरी पडत नाही. मात्र सगळं सल्फाइट आधी टाकलं तर मेटॉल विरघळतच नाही, तळाशी पांढरा रवा राहतो. वापरताना एक भाग द्रावणाला दोन भाग पाणी. मेटॉलनं काहींच्या बोटांना खाज आणि फोड येतात, म्हणून चिमटा आणि हातमोजे. वेस्टन प्रिंटसाठी अ‍ॅमिडॉल आणि निगेटिव्हसाठी पायरो वापरायचा. अ‍ॅमिडॉलनं नखं काळी पडतात, पायरो विषारी. घरच्या बाथरूममध्ये दोन्ही आणू नका.

स्टॉप बाथला (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण) दीड टक्का अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. फिक्सर : हायपो (सोडियम थायोसल्फेट, स्फटिक) २५० ग्रॅम आणि सोडियम मेटाबायसल्फाइट २५ ग्रॅम, पाणी १ लिटर. हायपो विरघळताना पाणी बर्फासारखं गार होतं, म्हणून कोमट पाण्यापासून सुरुवात करा, आणि मेटाबायसल्फाइट द्रावण थंड झाल्यावरच घाला. गरम असताना घातलं तर गंधक सुटून ते दुधासारखं होतं.

कृती : कागदाची चमकदार बाजू वर, निगेटिव्हची मंद बाजू त्यावर खाली, मग काच. ब्लोअरनं धूळ उडवा. पुठ्ठ्यानं झाकत झाकत २, ४, ८, १६ सेकंदांची पट्टी काढा. डेव्हलपर २० अंशाला, फायबर कागद दोन मिनिटं, प्लास्टिकचा आरसी कागद दीड मिनिट. काळं लवकर आलं म्हणून आधी उचलू नका, प्रिंट चिखलट करडा येतो. जास्त काळा झाला तर एक्स्पोजर कमी करा, डेव्हलपिंगची वेळ तीच ठेवा. स्टॉप अर्धा मिनिट. फिक्सरचे दोन ट्रे, प्रत्येकी पाच मिनिटं. धुणं : आरसी चार मिनिटं वाहत्या पाण्यात, फायबर तासभर, पाणी बदलत.

एप्रिल-मे महिन्यांत नळाचं पाणीच ३० अंशांच्या आसपास असतं. अशा डेव्हलपरमध्ये प्रिंट भराभर आणि ठिगळासारखा उमटतो, जिलेटिन मऊ पडून चिमट्याचे ओरखडे उठतात. बर्फ थेट टाकू नका, द्रावण पातळ होतं. बर्फ भरून घट्ट बांधलेली पिशवी ट्रेमध्ये फिरवा. पहाटेची वेळ धरा. पावसाळ्यात आणखी एक त्रास, काच आणि निगेटिव्ह दमटपणानं चिकटून तेलकट वळ्यावळ्यांची वर्तुळं उमटतात. निगेटिव्हची चकचकीत बाजू काचेला लागते तिथं हे होतं. काच आधी हेअर-ड्रायरनं किंचित कोमट, कोरडी करून घ्या.

कुठं उजळ-गडद करायचं असेल तर वेस्टनही बल्बखाली हाताची सावली धरायचा. हात सतत हलता ठेवा, नाहीतर कड उमटते.

वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नका. त्यात विरघळलेली चांदी असते आणि आपल्या मोऱ्यांचं पाणी शेवटी नदीलाच मिळतं. कोल्हापुरात जयंती नाल्यातून पंचगंगेला काय जातं ते आपण पाहतोच, त्यात आपली भर नको. प्लास्टिकच्या बादलीत फिक्सर साठवा, त्यात भांडी घासायची लोखंडी स्टील वूल (स्टेनलेसची नको) टाकून काही दिवस ठेवा. चांदी काळ्या गाळाच्या रूपात बसते. तो गाळ वेगळा ठेवून चांदी गाळणाऱ्याकडे द्या.

प्रश्न : वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या पश्चात दोन ट्रंका भरून निगेटिव्ह आहेत, काही काचेच्याही. मी त्या छापून प्रदर्शन भरवलं तर फोटो कुणाचे म्हणायचे? आणि त्या टिकवायच्या कशा?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : हा प्रश्न वेस्टनच्या घरातच उभा राहिला होता. पार्किन्सनमुळे त्याला १९४८ नंतर फोटो काढता आले नाहीत. १९५२ मध्ये त्याच्या छायाचित्रणाला पन्नास वर्षं झाली म्हणून काढलेल्या संचाचे प्रिंट त्याच्या देखरेखीखाली मुलगा ब्रेट यानं केले. नंतर त्याच्या निवडीच्या आठशेवर निगेटिव्हचे प्रिंट मुलांनी केले. पुढे धाकटा कोल वडिलांच्या निगेटिव्ह छापत राहिला, आणि निगेटिव्ह एडवर्डची, प्रिंट कोलनं केलेला, हे प्रिंटच्या मागं स्पष्ट नोंदलेलं असे. ब्रेटनं स्वतःच्या बाबतीत उलटं केलं. आपल्या प्रिंटला दुसऱ्याचा हात लागू नये म्हणून १९९१ मध्ये ऐंशीव्या वाढदिवशी त्यानं आपल्या बहुतेक निगेटिव्ह जाळल्या.

आमच्या मते कोलची रीत प्रामाणिक आहे. प्रत्येक प्रिंटमागं पेन्सिलनं लिहा : निगेटिव्ह, वडिलांचं नाव आणि ठाऊक असेल तर साल. प्रिंट, तुमचं नाव आणि साल. फोटोतली माणसं गिऱ्हाइकं होती, त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय चेहरे भिंतीवर लावू नका.

आता जपणूक. ट्रंक उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला, तर त्या फिल्म कुजू लागल्या आहेत. त्या लगेच वेगळ्या करा, त्यांच्या वाफेनं शेजारच्याही बिघडतात आणि स्कॅन करायची घाई त्यांचीच. फिल्मच्या कडेला ‘सेफ्टी’ असं इंग्रजीत छापलेलं दिसलं नाही आणि ती १९५० च्या आधीची असेल, तर ती नायट्रेट फिल्म असू शकते. ती झटकन पेटते. घरात उन्हात, स्वयंपाकघराजवळ ठेवू नका, आणि जाळून खात्री करून पाहू नका.

काचेच्या निगेटिव्ह एकावर एक रचू नयेत, लांब कडेवर उभ्या ठेवाव्यात, प्रत्येकीला आम्लमुक्त कागदाचं पाकीट. त्यांना पाणी लावू नका, जुनं जिलेटिन पापुद्र्यासारखं सुटतं. पीव्हीसीच्या पिशव्या टाळा. स्टीलचं कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार इंच लांब ठेवा, आत सिलिका जेल, आणि जून ते सप्टेंबर ते कपाट शक्यतो उघडूच नका. घर पूररेषेच्या जवळ असेल तर तळमजला नको. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर अनेक घरांत अल्बमचे गठ्ठे चिकटून दगड झाले. भिजलेल्या निगेटिव्ह आणि फोटो गठ्ठ्यातच वाळू देणं, हीच मोठी चूक असते. त्या स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेवून दोन दिवसांच्या आत एकेक सुट्या करा आणि दोरीला टांगून सावलीत वाळवा. जुन्या काचेच्या निगेटिव्ह मात्र बुडवू नका, त्या लगेच सुट्या करून उभ्या वाळवा.

डिजिटल प्रतीसाठी एलईडी लाइटपॅड, मॅक्रो लेन्स आणि खाली तोंड केलेला कॅमेरा पुरतो. निगेटिव्ह पॅडपासून दोन-तीन इंच उचलून धरा, म्हणजे पॅडचे ठिपके फोटोत येत नाहीत. खोलीतला बाकी उजेड बंद.

प्रश्न : वेस्टननं रंगीत फोटो काढले का?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : थोडे. १९४७ च्या सुमारास कोडॅकनं जाहिरातींसाठी मागितले म्हणून पॉइंट लोबोस या कार्मेलजवळच्या खडकाळ टोकाचे. त्यानं ते मन लावून केले, पण तोवर आजार बळावला होता.

प्रश्न : पॉइंट लोबोससारखे खडक आपल्याकडे कुठं? मसाई पठारावर प्रयत्न केला, दगड मातकट करडे येतात.
— एक वाचक, पन्हाळा

उत्तर : जागा तुमच्या पायाखाली आहे. वेस्टन जवळपास वीस वर्षं त्याच एका टोकावर जात राहिला, घरापासून जवळ होतं म्हणून. तिथल्या एका किनाऱ्याला आता त्याचं नाव आहे.

मातकटपणाचं कारण एक्स्पोजर. मसाई पठारावरचा जांभा आणि खालचा काळा बेसाल्ट मध्यम करड्यापेक्षा गडद असतो. कॅमेऱ्याचा मीटर त्याला मध्यम करडा करायला बघतो आणि उजेड वाढवून ठेवतो. बेसाल्टला एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी करा, कोरड्या जांभ्याला अर्धा ते पाऊण. चौकटीत आकाश किंवा पाण्याचं डबकं असेल तर हा हिशेब लागू नाही, तिथं उजळ भागावर मीटर करा.

दुपारच्या उन्हात जांभ्याची भोकं काळी ठिपकेदार दिसतात, आकार हरवतो. सकाळी सातच्या आसपास तिरका उजेड, किंवा जुलैतला ढगाळ दिवस घ्या. ओला बेसाल्ट कोरड्याहून खूप गडद आणि चकचकीत येतो. पंचगंगा घाटावर पाणी उतरतं तेव्हा एकाच दगडावर ओल्या-कोरड्याची रेघ असते, तिथं कॅमेरा रोवा. पोलरायझर लावून चमक पूर्ण काढू नका, दगडाचं अंग त्या चमकेनंच कळतं. क्षितिज चौकटीबाहेर ठेवा, लेन्स दगडाला समांतर, एफ/८. पावसाळ्यात घरातून निघाल्यावर कॅमेरा बॅगेतच पंधरा मिनिटं राहू द्या, नाहीतर गारठलेल्या काचेवर बाष्प धरतं आणि ते पुसताना लेन्सवर रेघा पडतात.